देवा, सोडव

साष्टांग

माझ्या आजाराची सुरुवात माझ्या आयुष्यातल्या सर्वांत यशस्वी नमस्कारानं झाली.

माझी थोरली बहीण, कुसुमताई, नर्मदेकाठच्या आमच्या हिंदीभाषी शहरात, घमापूर मोहल्ल्यात राहते. तिच्याकडे दर महिन्याला बायकांचं भजन असतं, मग आरती, मग प्रसाद. मी प्रसादाला जातो. हे ताईला ठाऊक आहे आणि देवालाही. त्या आठवड्यात माझं पोट बिघडून गेलं होतं आणि पायांना मुंग्या येत होत्या. फॅक्टरीत आयुष्यभर तपासणी विभागात काम केलेला मी माणूस, दोष शोधून काढणं हा माझा धंदा. मी दोष शोधला: चप्पल. सदर बाजारात जाऊन नवी घेतली. मुंग्या गेल्या नाहीत तेव्हा दुकानदाराशी भांडून तीही बदलून आणली.

तर आरती संपली, सगळे उठले, आणि माझे गुडघे एकदम माझे राहिले नाहीत. बायकांच्या घोळक्यात धपकन पडणं काही बरं दिसत नाही, म्हणून पडता पडता मी हात पुढे केले आणि पडण्याचाच साष्टांग नमस्कार करून टाकला. इथवर छान जमलं. मग उठता येईना.

नाक सतरंजीत, कापराचा वास, आणि वरून ताईचा भरलेला आवाज आला, "पाहा, आज उतरला याच्या मनात."

"ताई, उठव गं मला," मी सतरंजीला म्हणालो.

"राहू दे रे. घाई करू नको. त्याच्या पायाशी आहेस."

कुणीतरी टाळ पुन्हा सुरू केला. एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला. तो हात मला कळलाच नाही, नंतर सांगितलं लोकांनी. शेवटी माझी बायको सुधा पुढे आली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला नवऱ्याची भक्ती किती मिनिटांची असते ते माहीत असतं. ती म्हणाली, "हे इतका वेळ देवापुढे राहणारे नाहीत. यांना काहीतरी झालंय."

नाव

डॉक्टरनं गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. गुडघा ढिम्म. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही ढिम्म. मग त्यानं नाव सांगितलं: जीबीएस.

"ते गाडीत रस्ता दाखवतं ते?" मी विचारलं.

"गप्प बसा हो," सुधा म्हणाली.

डॉक्टर हसला नाही, तेव्हा मी घाबरलो. पोट बिघडलं की शरीराची फौज जंतूंवर धावून जाते. कधी कधी ती फौज बिथरते आणि आपल्याच नसा तोडत सुटते, असं त्यानं सांगितलं. पायांकडून वर चढत जातं. बहुतेकांचं नंतर उतरतं. काहींचं नाही उतरत.

"कुठवर चढेल?" सुधानं विचारलं.

"ते तोच ठरवतो."

सुधानं वर पाहिलं. डॉक्टर आजाराबद्दल बोलत होता.

संध्याकाळपर्यंत हात गेले. दुसऱ्या दिवशी गिळणं गेलं आणि आवाज घोगरा झाला. आता श्वासाची नळी घालावी लागेल म्हणाले. आयुष्यभर टपरीवर उभा राहून लोकांना किस्से ऐकवलेला माणूस मी. शेवटचं वाक्य तरी नीट असावं ना! मी सुधाला जवळ बोलावलं. तिनं कान माझ्या तोंडाशी आणला. मी म्हणालो, "फ्रिजमध्ये खोव्याची जलेबी आहे, ताईला देऊ नकोस."

यापुढे कित्येक आठवडे मी काही बोललो नाही.

कान

ज्यांच्या घरचं माणूस असं यंत्रावर पडलं आहे त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो, म्हणून आधी कामाची गोष्ट सांगतो. तो ऐकतो. हात हलत नाही, बोट हलत नाही, पापणीही हलत नाही. माझ्या तर डोळे कोरडे पडू नयेत म्हणून पापण्या चिकटपट्टीनं बंद केल्या होत्या. पण कान उघडे. आत सगळा माणूस जागा. नाकावर खाज सुटली तर ती खाज दुपारभर सहन करायची. सिस्टर बेड साफ करताना दुसरीला सांगते, "ये वाला भारी है यार, उधर से पकड़," ते ऐकायचं. शेजारी यंत्राचा भोंगा वाजला की तो आपला की दुसऱ्याचा याचा विचार करत राहायचं. दुखतं भयंकर. नसा तुटताना पायांत कुणी उकळतं तेल ओततं असं वाटतं, आणि चेहरा मात्र झोपलेल्या बाळासारखा. पाहणारे म्हणतात, "शांत पडलेत बिचारे."

म्हणून बेडजवळ उभं राहून इस्टेटीचं बोलू नका. "कसे दिसून राहिले हो" असंही म्हणू नका. आणि प्रार्थना करणार असाल तर शब्द जपून वापरा. याच शेवटच्या सूचनेपायी हे सगळं लिहिलंय.

भेटीची वेळ

दुपारी भेटीची वेळ असायची. एका पेशंटला एकच माणूस, तोंडावर मास्क. एक बाहेर गेला की दुसरा आत.

ताई यायची आणि स्तोत्र म्हणायची. माझ्यासाठी कमी, सिस्टरनं ऐकावं म्हणून जास्त, असा माझा दुष्ट अंदाज आहे, कारण सिस्टर लांब गेली की ताईचा आवाज चढायचा. एकदा तिनं बाटलीतून नर्मदेचं पाणी आणलं आणि माझ्या ओठांच्या फटीतून सोडलं. आत नळी. पाणी कुठे गेलं कुणास ठाऊक, पण सगळे भोंगे एकदम वाजले. धावपळ, नळीतून ओढाओढी, छातीवर थापा. मी त्या दिवशी नर्मदेच्या कृपेनं मरता मरता वाचलो. बाहेर ताई सगळ्यांना सांगत होती, "तीर्थ देताच शरीरात हालचाल झाली बघा."

फॅक्टरीतला जुना दोस्त तिवारी आला. कडक माणूस. मोठ्यांदा म्हणाला, "हे महादेव, इसको जल्दी उठा लो!" मग चूक लक्षात आली. "मतलब, उठा दो. बिस्तर से. प्रभु, आप तो समझते हो." मी आतल्या आत इतका हसलो की हसूनही मरता येतं हे मला तेव्हा कळलं.

मुलगी मृणाल हैदराबादहून आली. ती काही मागायची नाही. माझा हात हातात घेऊन नुसती बसायची आणि मास्कच्या आत रडायची. सुधा सगळ्यांत शेवटी यायची. कपाळावर हात ठेवायची आणि गप्प राहायची. सुरुवातीला तरी.

पडद्यापलीकडची

माझ्या शेजारच्या बेडवर हाच आजार झालेली एक मुलगी होती, रश्मी. शाळेत शिकवायची. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. नवरा सैन्यात, सुट्टी मिळवायच्या खटपटीत. हे सगळं मला सिस्टर लोकांच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टर राउंडला आले की तिच्या बेडशी म्हणायचे, "यंग है, ये तो निकल जाएगी." माझ्या बेडशी वजन आणि शुगर यांच्यावर बोलायचे आणि आवाज खाली करायचे.

तिच्याजवळ तिची आई यायची. सगळे तिला अम्मा म्हणायचे. अनवाणी यायची, पायांचा आवाज नसायचा. एकदम पडद्यापलीकडून तिचा आवाज सुरू व्हायचा. काय प्रार्थना होती ती! ना स्तोत्र, ना श्लोक. घरातल्या मोठ्या बाईला दळणाचा डबा आणून द्यायला सांगावं इतक्या साध्या सुरात ती म्हणायची, "मैया, इसे घर पहुँचा दो। अपने पैरों पर पहुँचा दो। मैं और कुछ नहीं माँगती।" पुन्हा तेच. पुन्हा तेच.

त्या आवाजाची मला चटक लागली. दुपार कधी होते याची वाट बघायचो. आवाज इतका स्पष्ट यायचा की वाटायचं, पडदा फारच पातळ आहे. आणि मग मी एक लबाडी सुरू केली. तिनं म्हटलं "इसे घर पहुँचा दो," की मी मनात जोडायचो, "और बगल वाले को भी." फुकटात होत असेल तर काय वाईट? स्वतःची प्रार्थना करायला मला लाज वाटायची. देवाकडे ओळख नव्हती ना, प्रसादापुरतीच ये-जा. दुसऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून जावं तसा मी त्या बाईच्या प्रार्थनेवर बसून जात होतो.

सोडव

मग एका दुपारी सुधा बोलली.

कपाळावर हात ठेवला होता. हात नेहमीसारखाच, लसणाचा वास येणारा. आणि मग हळू आवाजात, पण अगदी स्वच्छ:

"सोडव रे देवा. आता सोडव."

बस. हात उचलला, गेली.

मराठी वाचकाला मी हा शब्द काय समजावणार? आपण म्हणतो, संकटातून सोडव. आणि आपण हेही म्हणतो की म्हातारा फार हाल सोसत होता, सुटला बिचारा. माझ्याजवळ वेळच वेळ होता. दिवसभर, रात्रभर मी त्या पाच शब्दांची तपासणी केली. "सोडव" ठीक आहे. पण "आता" कशाला? आता, म्हणजे पुरे झालं? तिनं कुणाला सोडवायला सांगितलं, मला की तिला? रोज दुपारी ती यायची, हात ठेवायची आणि तेच म्हणायची. माझं लोखंडासारखं जड डोकं, आणि त्यात हा एकच किडा.

मी तिला दोष देत नव्हतो, असं लिहिलं तर छान दिसेल. पण देत होतो. आत पडल्या पडल्या तिच्याशी भांडत होतो. एक दिवस मी नुसतं तेवढ्यासाठी जगायचं ठरवलं: उठायचं, आणि विचारायचं.

छूट गई

रश्मीच्या फुप्फुसात संसर्ग झाला. एका दुपारी, भेटीची वेळ सुरू व्हायच्या जरा आधी, पडद्यापलीकडे धावपळ झाली. बरीच माणसं, भराभर हुकूम, पलंगाचा करकर आवाज. मग एकेक माणूस हळूच निघून गेला. शेवटी एकटी अम्मा आत आली. रडली नाही. म्हणाली, "छूट गई। मेरी बच्ची छूट गई।" आणि बराच वेळ काहीतरी नीटनेटकं करत राहिली, चादरीचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी माझा उजवा अंगठा हलला.

योगायोग म्हणा. डॉक्टरला नंतर मी विचारलं होतं, ती तरुण आणि मी असा, मग उलटं कसं झालं? तो म्हणाला, "तुमची केस तिच्यापेक्षा वाईट होती, काका. असं होतं." एवढंच शास्त्र त्याच्याजवळ होतं, आणि तो प्रामाणिक होता म्हणून एवढंच सांगितलं. मी मात्र पडल्या पडल्या एकच विचार करत होतो. मी मागे बसून आलो, आणि गाडी चालवणारी वाटेत पडली.

बाबा सुटले

हळूहळू यंत्र काढलं. मृणालला इतका आनंद झाला की तिनं नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. आमची पोरं मराठी समजतात, पण बोलतात हिंदीवरून उचलून. "वेंटिलेटर से छूट गए" हे तिच्या डोक्यात, हातानं लिहिलं, "बाबा सुटले. देवाचे खूप खूप आभार."

पुढे काय झालं ते मी घरी आल्यावर सवडीनं वाचलं. हात जोडलेल्या चिन्हांच्या रांगा. एका चुलतभावानं लिहिलं, "मनमिळाऊ होता. जरा बोलायचा जास्त." दुसऱ्यानं विचारलं, "सुतक किती दिवसांचं धरायचं?" एका मावशीनं लिहिलं, "सुधा मोकळी झाली." मग मृणालनं घाबरून खुलासा केला, तेव्हा ग्रुप बराच वेळ शांत होता. माझ्या मते तिथे थोडी निराशा पसरली होती.

माणसाला आपल्या मरणाच्या प्रतिक्रिया वाचायला मिळत नाहीत. मला मिळाल्या. मी त्यांवर खूप हसलो आणि मोठ्यांदा वाचून दाखवल्या. पण "सुधा मोकळी झाली" हे वाक्य मी वाचून दाखवलं नाही. ते ठेवून दिलं, वेळेवर उपयोगी पडेल म्हणून.

घरी

घरी आलो तो पोत्यासारखा. गळ्याला मागाहून घातलेल्या नळीचं भोक, त्यावर बोट ठेवलं की फुसफुस आवाज. आणि त्या फुसफुस आवाजात मी पहिल्यांदा काय केलं? बायकोला छळलं.

सरळ विचारायची हिंमत झाली नाही. त्यापेक्षा टोमणे सोपे. चहा उशिरा आला: "काय, आज सोडवतेस का?" औषध कडू: "जास्त घालून टाक, सुटेन." ती मला उचलायची, पुसायची, पाट्यावर बसवून अंघोळ घालायची, घास भरवायची, आणि मी तिच्या प्रत्येक कामावर हा शब्द थुंकायचो. तिचा चेहरा पांढरा पडायचा. मला वाटायचं, बरोबर जागी लागलं.

आणखी एक गोष्ट माझ्या तपासणीत आली होती. घरात देवापुढे दिवा लागत नव्हता. सुधा, जी तापातही उठून दिवा लावायची, ती देवघराकडे पाहतच नव्हती. मी निष्कर्ष काढला: देवासमोर जायला तोंड नाही. दोष सापडला.

वॉकर धरून चार पावलं टाकता यायला लागली तशी ताईनं मला तिच्या भजनात न्यायचं ठरवलं. "तू आता नुसता तू नाहीस," ती म्हणाली, "प्रार्थनेनं काय होतं याचा पुरावा आहेस." मला बसवलं खुर्चीवर, गळ्यात हार, समोर बायका. सांग म्हणाल्या. आणि लोक समोर बसून ऐकायला तयार असले की मी काय करतो ते मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. मी नर्मदेचं पाणी सांगितलं, तिवारी सांगितला, "बाबा सुटले" सांगितलं. बायका डोळे पुसत हसत होत्या. मग मी आवाज खाली केला आणि म्हणालो, "आणि आमची सौभाग्यवती! रोज डोक्यावर हात ठेवायची आणि देवाला म्हणायची: सोडव रे, आता सोडव!"

हशा पिकला. "अगं बाई, सुधा!" कुणीतरी ओरडलं.

सुधा उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

मोरीपाशी

मी वॉकर ढकलत गेलो. ती मोरीपाशी उभी राहून, प्रसादाचे न वापरलेले द्रोण विसळत होती. कागदाचे द्रोण.

"गंमत केली," मी म्हणालो.

"तुमच्यासाठी मी काहून मागू?" ती म्हणाली. पाठ माझ्याकडेच होती. "तुमच्यासाठी अम्मा मागून राहिल्या होत्या."

मी वॉकर आणखी जवळ ढकलला.

"आम्ही वाटून घेतलं होतं. बाहेर बाकड्यावर. त्या म्हणाल्या, आपल्या माणसासाठी मागताना जीभ लोभी होते, ते वर पोचत नाही. त्यांच्याकडे असंच करतात. म्हणाल्या, तुम मेरी वाली के लिए माँगो, मैं तुम्हारे वाले के लिए. रोज त्या पोरीच्या बेडशी उभ्या राहून तोंड तुमच्याकडे करायच्या. आणि माझा हात तुमच्यावर, तोंड तिच्याकडे."

"इसे घर पहुँचा दो" हे ते वाक्य. हिंदीत "इसे" बाईही असते आणि बाप्याही. पडदा पातळ नव्हता. ती बाई माझ्याचकडे तोंड करून बोलत होती.

"मी म्हणायची, सोडव," सुधा म्हणाली. "त्या नळ्यांतून सोडव, त्या यंत्रातून सोडव, पोरीला घरी जाऊ दे. मला दुसरा शब्दच नाही सुचला. आईनं शिकवलेला तोच. आणि त्यानं सोडवली. अम्मा म्हणाल्या ना, छूट गई. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय मागून राहिली होती." द्रोण तिच्या हातात भिजून फाटला. "हिंदीत मागायला पाहिजे होतं हो. त्यांनी माझ्या माणसासाठी इतकं नीट मागितलं. आणि मी..."

माझी खोड जात नाही. मी म्हणालो, "अगं, देवाला मराठी येत नाही का?"

"येतं," ती म्हणाली. "फार चांगलं येतं. दोन्ही अर्थ येतात."

बाहेर बायकांनी पुढचं भजन सुरू केलं होतं. इतके महिने मी याच शब्दानं तिला रोज मारत होतो, आणि तिला वाटत होतं की मला सगळं ठाऊक आहे. मी त्या मुलीचं मरण तिच्या तोंडावर फेकतोय, असं तिला वाटत होतं, आणि तरी ती मला घास भरवत होती.

अम्मा

प्रार्थना कशासाठी करायची, यावर ताईजवळ उत्तर आहे: मागितलेलं मिळतं. तिवारीजवळ आहे: मन हलकं होतं. माझ्याजवळ नाही. मला एवढं दिसलं की दोन बायकांनी आपापल्या जिभेवरचा सगळ्यांत मोठा लोभ बाजूला ठेवला, एकमेकींच्या माणसांसाठी मागितलं, आणि त्याचं फळ असं की एकीचं माणूस वाचलं आणि दोघींचंही आयुष्य नासलं. याहून चांगल्या प्रार्थना मी ऐकलेल्या नाहीत. याहून क्रूर उत्तरही ऐकलेलं नाही.

सुधाला अम्माला सांगायचं होतं. सांगितल्याशिवाय ती जगणार नाही, आणि सांगितलं तर अम्मा जगणार नाही, अशी तिची अडचण होती. मी म्हणालो, नको सांगू, त्यांना मराठी कुठे येतं? ती म्हणाली, "म्हणूनच."

अम्माही घमापुरातच राहत होती, बाजाराच्या मागच्या गल्लीत. दार उघडलं तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून मी एक उंच बाई रचली होती, समोर हाडकुळी, बुटकी बाई होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. वॉकर पाहिला, वॉकरच्या मधले पाय पाहिले.

"पहुँच गए घर?" ती म्हणाली.

मला आयुष्यात इतका साधा प्रश्न कुणी इतक्या जोरात मारलेला नाही.

बसलो. पाणी आलं. भिंतीवर रश्मीचा फोटो, त्याला हार, शाळेच्या मुलांबरोबर उन्हात डोळे बारीक करून उभी. सुधानं आपल्या मोडक्या, मराठी वळणाच्या हिंदीत सगळं सांगितलं. शब्द सांगितला. त्याचे दोन अर्थ सांगितले. "अम्मा, हमने गलत शब्द बोल दिया। हमारे में वो दोनों होता है।" सांगताना तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

अम्मा ऐकत राहिली. मला वाटलं आता ही उठून आम्हाला हाकलेल, आणि ते बरं होईल. पण ती म्हणाली, "कैसे बोला था? फिर से बोलो।"

"सोडव."

"सोडव," अम्मा म्हणाली. "ड"वर तिची जीभ अडखळली. पुन्हा म्हणून पाहिला. मग सुधाचा हात धरला आणि म्हणाली, "अब मेरे लिए माँगो।"

"अम्मा, असं नका ना बोलू," सुधा घाबरून मराठीतच म्हणाली.

"तुम्हारा माँगा हुआ वो सुनता है, बेटा। मेरा भी सुना उसने, सामने बैठा है।" तिनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं, खुर्चीकडे दाखवावं तसं. "तो मेरे लिए माँगो। दो मतलब हैं ना? जो देना होगा, दे देगा।"

मी तोंड उघडलं. काहीतरी हलकं बोलून ही खोली थोडी सैल करावी, एवढंच मला येतं.

"भैया," अम्मा म्हणाली, "आप बाहर बैठो।"

मी वॉकर उचलत उंबरा ओलांडला आणि ओट्यावर बसलो. दार लोटलं गेलं. समोर भाजीवाल्याचा ठेला, एक स्कूटर, गल्लीत ऊन. मी कान दिला. इतके आठवडे कानांवर जगलेला मी माणूस, पण आतून काहीही ऐकू आलं नाही. सुधा बोलत होती की नाही तेही कळलं नाही.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. डोळे कोरडे होते. तिनं ऑटो थांबवला, वॉकर मिटला, मला बगलेत धरून आत चढवलं.

"मागितलंस?"

तिनं मिटलेला वॉकर माझ्या शेजारी सरकवला.

"काय मागितलंस गं?"

"तुमच्यासाठी नव्हतं ते," ती म्हणाली. "पाय आत घ्या."